हात किती येईल हे मोजून सांगणारं विश्रामबागचं फिजिओथेरपी केंद्र

सांगलीच्या विश्रामबागेतल्या या न्यूरो-फिजिओथेरपी केंद्राला मी पाचपैकी चार तारे देतेय. एक तारा का कापला ते पुढे लिहिते. पण ज्यांच्या घरात या आठवड्यात कुणाच्या अंगावरून वारं गेलंय, त्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा: पेशंट हॉस्पिटलात असतानाच, पहिल्या तीन दिवसांत, यांना फोन करून वॉर्डात बोलवा. डिस्चार्जनंतर गेलात तरी व्यायाम चांगलेच करून घेतील. पण यांचं खरं वेगळेपण आहे ते पुढचा अंदाज मोजून सांगण्यात, आणि त्यासाठी लागणारी तपासणी तिसऱ्या दिवसाची असते.

माझं तासगावात मेडिकल आहे. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या न्यायला येणारे नातेवाईक पैसे देता देता हळूच विचारतात, "ताई, हात येईल का हो?" हा प्रश्न मी इतकी वर्षं ऐकतेय. गेल्या श्रावणात तो आमच्याच घरात आला.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, वय ६३. तीन एकर द्राक्षबाग. सकाळी उठतानाच उजवी बाजू लुळी आणि जीभ जड. झोपेत नेमकं कधी झालं ते कळेना, त्यामुळे साडेचार तासांच्या आत द्यायचं गुठळी विरघळवायचं इंजेक्शन डॉक्टरांना देता आलं नाही. मिरजेतल्या हॉस्पिटलात बाकी उपचार व्यवस्थित झाले. पण दुसऱ्या दिवसापासून वॉर्डाबाहेर सल्ल्यांचा बाजार भरला. कुणी पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं, कुणी कर्नाटकातल्या तेलवाल्याचा नंबर दिला, कुणी म्हणालं महिन्यात सगळं पहिल्यासारखं होतंय बघा. आणि एक पाव्हणे बाग तीन वर्षांच्या कराराने मागायला आले. ऑक्टोबर छाटणी तोंडावर होती. आमचे हे कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला, बागेचं सगळं मामांच्या हातात. छाटणीची कात्री तो उजवा हात पुन्हा धरेल का, या एका गोष्टीवर आमच्या घराचा पुढचा सगळा हिशेब होता.

केंद्रातल्या तरुण मॅडम तिसऱ्या दिवशी वॉर्डात आल्या. खुर्ची ओढून मामांच्या उजव्या बाजूला, त्यांच्या डोळ्यांसमोर बसल्या आणि पहिला प्रश्न आम्हाला नाही, त्यांनाच केला. "मामा, मी आता तुमचा खांदा आणि बोटं तपासणार. त्यावरून तीन महिन्यांनी हात कुठवर येईल याचा अंदाज मिळतो. तो तुम्हाला ऐकायचाय का? नको असेल तर मी फक्त व्यायाम ठरवून जाते." मामांनी मान हलवली. जड जिभेने म्हणाले, "खरं सांग पोरी."

तपासणी बघायला अगदी साधी. हात बाजूला उचला, मग मिटलेली बोटं उघडा. दोन्ही हालचालींच्या ताकदीला शून्य ते पाच गुण, एकूण दहापैकी. याला सेफ स्कोअर म्हणतात. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात कॅथी स्टिनिअर यांच्या गटाने लकव्यानंतरच्या हातासाठी एक पद्धत बसवली. पहिली २०१२ मध्ये आली आणि सुधारलेली, प्रेप-२ नावाची, २०१७ मध्ये. त्या पद्धतीची पहिली पायरी हीच. वय ८० च्या आत आणि स्कोअर पाच किंवा जास्त, तर हात तीन महिन्यांत जवळजवळ पूर्ण यायची शक्यता. पाचाच्या खाली असेल तर नुसत्या डोळ्यांनी काही सांगता येत नाही, आत डोकवावं लागतं.

मामांच्या खांद्याला दोन, बोटांना दोन. चार. एका गुणाने रेषेच्या खाली.

आत डोकवायचं म्हणजे काय, ते मॅडमनी आमचा एमआरआय खिडकीच्या उजेडात धरून दाखवलं. मेंदूच्या पृष्ठभागाकडून हातापायाला हुकूम नेणारे तंतू खाली येताना एका चिंचोळ्या जागेत एकत्र बांधले जातात. तिथे बोटाच्या पेराएवढी इजासुद्धा हात पार बंद करते, आणि दुसरीकडे मोठा डाग असूनही हात चांगला राहू शकतो. म्हणून डागाच्या आकारावर हाताचं भविष्य ठरत नाही. तो तंतूंचा जुडगा, कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्ट, किती शाबूत आहे यावर ठरतं. आणि तो शाबूत आहे का हे विचारण्याचा सरळ मार्ग म्हणजे टीएमएस. डोक्यावर चुंबकीय कॉइल धरून मेंदूच्या हात चालवणाऱ्या भागाला बाहेरून जागवायचं आणि मनगटाच्या स्नायूवर चिकटवलेल्या पट्टीवर उत्तर उमटतंय का ते बघायचं. उत्तर आलं तर हात "चांगल्या" गटात. म्हणजे रोजच्या बहुतेक कामांना येईल, थोडा मंद आणि अवघडलेला राहील. उत्तर नाही आलं तर पहिल्या दिवसांतली लकव्याची एकूण तीव्रता, म्हणजे केसपेपरवरचा एनआयएचएसएस स्कोअर, बघून मर्यादित गट की त्याहून कमी, ते ठरतं.

इथे मॅडम म्हणाल्या ते वाक्य मला जसंच्या तसं आठवतंय. "हे यंत्र आमच्याकडे नाही. आणि आठवड्याच्या आत या अवस्थेत मामांना लांब पाठवणं मला बरोबर वाटत नाही. त्यामुळे चांगला की मर्यादित, हे मी या पद्धतीने सांगू शकत नाही. सांगितलं तर तो माझा अंदाज असेल, मोजमाप नसेल." काउंटरच्या मागे उभी राहून मी किती तरी पावत्या आणि जाहिराती बघितल्यात. आपल्याकडे जे नाही ते नाही असं पेशंटसमोर म्हणणारी जागा मला फार कमी दिसली आहे.

पण त्या तिथेच थांबल्या नाहीत. बोटं थोडी तरी उघडतायत, याला वेगळा अर्थ आहे, असं त्यांनी सांगितलं. नेदरलँड्समधल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की पहिल्या ७२ तासांत ज्यांना बोटं थोडी उघडता आणि खांदा थोडा उचलता आला, त्यांच्या हाताला सहा महिन्यांनी काही ना काही कसब येण्याची शक्यता ९८ टक्के होती. ज्यांना दोन्ही जमलं नाही त्यांची २५ टक्के, आणि नवव्या दिवशीही जमत नसेल तर १४ टक्के. "म्हणजे हात मेलेला राहणार नाही, हे मी जवळपास खात्रीने सांगते. कात्री धरेल का, हे मी आज सांगत नाही."

मी नंतर हे सगळं स्वतः वाचून काढलं. त्या अभ्यासातलं "काही ना काही कसब" म्हणजे हाताच्या ५७ गुणांच्या चाचणीत १० गुण. दहा गुण म्हणजे फार नव्हे. मॅडमनी ९८ चा आकडा सांगताना हा दहाचा आकडाही आपणहून सांगितला होता, आणि मला तो ९८ पेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

पायाचा अंदाज पहिला आठवडा संपताना घेतला. कुशीवर वळणं, आडवं असताना उठून बसणं, पलंगाच्या काठावर तोल सांभाळून बसणं, यांची शंभर गुणांची धड-तपासणी असते. चाळीसच्या वर गेले तर सहा आठवड्यांत आधाराशिवाय चालायची शक्यता. त्याखाली असतील तर मांडी मागे नेण्याची ताकद बघून बारा आठवड्यांचा हिशेब करतात. मामा चाळीसच्या बरेच वर होते. दसऱ्याला काठी न घेता देवळापर्यंत गेले.

हातावरचं सगळं बोलणं ऐकून मामा बऱ्याच वेळाने म्हणाले, "ही काडी तपासणीच की." द्राक्षवाल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी लिहिते. फळछाटणीच्या आधी आम्ही बागेतल्या काड्या प्रयोगशाळेत देतो. तिथे डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, की आत घड आहे का आणि कितव्या डोळ्यावर आहे. मग त्यावर छाटायचं. घड नसेल तर रिपोर्ट घड आणून देत नाही, पण कात्री कुठे लावायची ते कळतं. मॅडमना ही तुलना माहीत नव्हती. त्यांनी ती वहीत लिहून घेतली.

आत्या मात्र रागावल्या होत्या. पेशंटला असं तोंडावर सांगत्यात व्हय, माणूस खचला म्हणजे? त्यांचं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटत नाही. खचणारी माणसं असतात. पण इथे आधी विचारलं जातं, आणि नको म्हणालं तर नाव काढत नाहीत. शेजारच्या पलंगावरच्या, अथणीकडून आलेल्या आजींनी नको म्हटलं, तर त्यांच्या मुलाशीही मॅडम आजींच्या परवानगीनंतरच बोलल्या. आजींची बोटं अजिबात हलत नव्हती. तरी त्यांची फेरी मामांच्या फेरीपेक्षा छोटी नव्हती. काम वेगळं होतं: निखळू पाहणाऱ्या खांद्याला आधार कसा द्यायचा, उठवताना तो हात धरून का ओढायचा नाही, बोटं आखडू नयेत म्हणून काय करायचं, डाव्या एका हाताने पदर कसा सावरायचा. हात येणार नाही असं वाटलं की फिजिओ हळूहळू यायचे बंद होतात, हे मी गिऱ्हाइकांकडून ऐकत आले आहे. इथे कमी अंदाजाच्या पेशंटला उलट जास्त विचारपूर्वक वेळ दिलेला मी बघितला. अंदाजाचा असाच उपयोग व्हायला हवा. ऑकलंडमध्ये ही पद्धत प्रत्यक्ष वापरात आणली तेव्हा उपचारांचा भर पेशंटच्या गटाप्रमाणे बदलला, आणि हॉस्पिटलातला मुक्काम साधारण आठवड्याने कमी झाला. हात मात्र कुणाचा त्यामुळे कमी आला नाही.

आता दुसरीकडे काय ऐकायला मिळालं तेही लिहिते, कारण लोक त्यात पैसे घालवतात. आम्हाला मोबाइलवर एक जाहिरात आली. रक्ताची एक तपासणी, त्यावरून मेंदू किती बरा होणार ते कळणार, मग त्याप्रमाणे पॅकेज. मी ती मॅडमना दाखवली. रक्तातल्या खुणांवर संशोधन खरंच चालू आहे. मेंदूच्या पेशींना इजा झाली की न्यूरोफिलामेंट लाइट, जीएफएपी, एस-१००-बी अशी प्रथिनं रक्तात वाढतात. मेंदूची जुळवून घेण्याची ताकद बीडीएनएफ नावाच्या प्रथिनाच्या जनुकाशी जोडून बघणारेही अभ्यास आहेत. पण इजा किती मोठी आहे हे सांगणं वेगळं, आणि या माणसाचा हा हात येईल का हे सांगणं वेगळं. २०१७ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांच्या गटाने, स्ट्रोक रिकव्हरी अँड रिहॅबिलिटेशन राउंडटेबलने, सगळ्या जैविक खुणा तपासून मत दिलं. हातासाठी त्या तंतूंच्या जुडग्याचं चित्रण आणि टीएमएसचं उत्तर, या खुणा नव्या उपचारांच्या संशोधन-चाचण्यांमध्ये वापरायला तयार आहेत. रक्तातल्या नाहीत. घरात कुणाला लकवा झाल्यावर माणूस दागिना मोडून पैसे उभे करतो. त्याला रक्ताच्या तपासणीवर हाताचं भविष्य विकणं मला सहन होत नाही, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

आणि एका ठिकाणी "सगळ्यांचं सत्तर टक्के येतंच" असंही सांगण्यात आलं. याच्या मुळाशी २००८ चा एक अभ्यास आहे. पहिल्या दिवसांत जेवढं गेलं त्याच्या साधारण ७० टक्के तीन महिन्यांत परत येतं, असा तो नियम. त्या अभ्यासातही ज्यांचा हात सुरुवातीला फारच गेलेला होता असे पुष्कळ जण नियमात बसले नव्हते. पुढे २०१८-१९ मध्ये संख्याशास्त्र जाणणाऱ्यांनी दाखवलं, की सुरुवातीचा गुण आणि "सुरुवातीपासून झालेली वाढ" यांची तुलना केली की आकडे आपोआपच जास्त जुळलेले दिसतात. म्हणजे तो नियम वाटतो तेवढा भक्कम नाही. अथणीच्या आजींना कुणी सत्तर टक्के सांगितले असते तर?

मामांचं पुढे काय झालं. आम्ही बाग कराराने दिली नाही. त्या वर्षी छाटणी मजुरांकडून करून घेतली, मामा बांधावर खुर्ची टाकून बसले आणि काड्यांचा रिपोर्ट मांडीवर ठेवून कितव्या डोळ्यावर घ्यायचं ते सांगत राहिले. हात येणार नाही असं कळलं असतं तर कदाचित करार केला असता, आणि तोही पूर्ण विचाराने. "महिन्यात पहिल्यासारखं" यावर विसंबलो असतो तर ऐन हंगामात मजूर शोधत फिरलो असतो.

केंद्रातले व्यायाम चांगले, त्याबद्दल फार लिहीत नाही. भर एकाच गोष्टीवर होता: खरं काम, पुन्हा पुन्हा. शर्टाची बटणं, तांब्यातून पेल्यात पाणी, दोरीच्या गाठी. मामांनी घरून जुनी कात्री नेली तर ती पण घेतली, धार बोथट करून. तीन महिन्यांनी ती ५७ गुणांची चाचणी घेतली. लहान-मोठे लाकडी ठोकळे, क्रिकेटचा चेंडू, गोट्या उचलायच्या, एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायचं, हात डोक्यामागे न्यायचा. मामांना ३८ मिळाले. जेवण उजव्या हाताने. सही वाकडी पण बँकेने मान्य केली. कात्री धरतात, चार-पाच काड्या छाटतात आणि मग बोटं उघडायला वेळ लागतो. विरळणीचं बारीक काम जमत नाही. मॅडमनी तिसऱ्या दिवशी जेवढं सांगितलं होतं ते खरं ठरलं, आणि जे सांगायला नकार दिला होता ते खरंच मधेच कुठेतरी पडलं.

एक गोष्ट या पद्धतीबद्दल लक्षात ठेवा. प्रेप-२ चा अंदाज चारपैकी तीन पेशंटच्या बाबतीत बरोबर येतो. चौथ्याचा चुकतो. हे त्यांच्या कागदावर खाली छापलेलं आहे, पण अक्षर बारीक आहे. मोठं करावं.

आता कापलेला तारा. केंद्र पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्टमध्ये व्हीलचेअर आडवी बसत नाही. वीज गेली की पेशंटला चौघांनी उचलून आणायचं. लकव्याच्या पेशंटसाठीच असलेल्या जागेत हे चालणार नाही, त्यांनी तळमजला बघावा. दुसरं, बोलण्याचा इलाज करणारं कुणी नाही. मामांची जीभ जड होती, शब्द अडत होते, त्यासाठी आम्हाला वेगळीकडे जावं लागलं, आणि बोलणं किती येईल याबद्दल हाताइतकं मोजून कुणीच सांगितलं नाही. तिसरं, संध्याकाळी फार गर्दी असते. सांगली-मिरजेबरोबर जतकडचे आणि सीमेपलीकडचे पेशंट येतात, आणि पाचची वेळ साडेसहाला होते. लकवा झालेल्या माणसाला दीड तास बाकावर बसवणं त्रासाचं आहे. सकाळची वेळ मागून घ्या.

वॉर्डात येऊन पहिल्या तपासणीचे आमच्याकडून ८०० रुपये घेतले, केंद्रातल्या एका वेळेचे ५००. पावती मागावी लागत नाही. अंदाजाचा कागद इंग्रजीत देतात, पण मराठीत मागितला तर मॅडम हाताने लिहून देतात. तो जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दाखवायला उपयोगी पडतो. फोन करताना लकवा कधी झाला ती तारीख आणि वेळ आधी सांगा. तीन दिवसांच्या आतला पेशंट असेल तर बाकीच्या वेळा मागे-पुढे करून त्याच दिवशी येतात. टीएमएसचं यंत्र कधी घेणार, हेही विचारा. आम्ही विचारलं आहे. जितके जास्त जण विचारतील तितकं ते लवकर येईल, असं मॅडमच म्हणाल्या.